तीन गावांचा एकच पाऊस

माझी भाची मुग्धा अभियंता आहे. पूर आला तर पाणी कुठवर चढेल, याचे नकाशे ती बनवते. जुलैअखेर तिचा फोन आला. "मावशी, पांढरकवड्याकडचा एक तांडा माझ्या नकाशात कोरडा दिसतो. गेल्या वर्षी तिथे चुलीपर्यंत पाणी होतं. नकाशा सोमवारी द्यायचाय, आणि पुराच्या निळ्या रेषेच्या बाहेर राहणाऱ्यांना इशारा मिळत नाही."

"म्हणजे नकाशा चुकलाय."

"गणित तीनदा तपासलं."

"मग पाऊस तपास," म्हटलं, आणि गाडीत पेट्रोल भरून आणलं.

पस्तीस वर्षं मी पदार्थविज्ञान शिकवलं. निकाल जुळला नाही की आधी मोजमाप बघायचं, एवढं तरी मला कळतं.

जाणाऱ्यांसाठी सूचना: यवतमाळहून पहाटेच निघा. लोहाऱ्यानंतर टपऱ्या आठशिवाय उघडत नाहीत, तेव्हा चहा घरूनच न्या. घाटंजीचा रस्ता पावसाळ्यात हिरवागार आणि खड्ड्यांनी भरलेला असतो. खड्ड्यांत पाणी असल्याने खोली कळत नाही. मुग्धा दर खड्ड्याला "अगं मावशी" म्हणत होती. मी गाडी चालवत होते.

पहिला थांबा लोहाऱ्यापुढचं टेकडीवरचं एक गाव. माणसं भली आहेत, म्हणून गावांची नावं देत नाही. एका जुन्या योजनेची तीन पर्जन्यमापकं या पट्ट्यात आहेत. जिथे मापक नाही, त्या जागेचा पाऊस आजूबाजूच्या मापकांवरून अंदाजाने काढतात. जवळच्या मापकाचं वजन जास्त, लांबच्याचं कमी. तांडा तिन्हींच्या मध्ये, तिसऱ्याला जास्त जवळ, म्हणून त्याचा सगळा भरवसा या तिघांवर.

पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजतात. सुदामकाका वेळेवर आले, टोपी नीट केली, पाणी काचेच्या मोजपात्रात ओतलं, डोळ्यासमोर धरलं. उत्तम पद्धत. मी समाधानाने मान हलवली.

"अकरा मिलिमीटर," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. "थांबा जी, गजाननले इचारतो."

"त्यांना काय विचारायचं? पाऊस तुमच्या अंगणात पडलाय."

"पडला नं. पन एकट्याचाच आकडा कसा टाकाव?"

फोनमधून घाटंजीकडच्या मापकाचे गजाननभाऊ बोलले. "माह्याकडं सव्वीस, काका. मेश्रामकडं एकतीस."

"मंग वीस टाकू?"

"बावीस टाका. वीस लय गोल वाटते."

काकांनी वहीत सुवाच्य अक्षरात बावीस लिहिले. मुग्धा खाली दगडावर बसली. "तीन वर्षांतली माझी सगळ्यात सुंदर आकडेवारी होती ही," ती हळूच म्हणाली. "कुठेच उडी नाही."

एकमेकांना विचारून आकडे लिहिणाऱ्या मुलांच्या वह्या मी वर्गाबाहेर फेकलेल्या आहेत. काका माझ्याहून वयाने मोठे, म्हणून हात आवरला.

घाटंजीत तर्री-पोहे खाल्ले. दोघींचे ऐंशी रुपये. तर्री तिखट आहे, पाणी जवळ ठेवा. गजाननभाऊ तिथेच भेटले. कारण विचारलं तर न लाजता सांगितलं.

"एका वर्षी काकांचे पाच अन् माहे साठ. सायबाचा फोन आला, काहून एवढा फरक? भर पावसात पुन्हा मोजाले लावलं. पुन्हा साठच! तवापासून ठरोलं, पहिले आपसात बोलाचं, मंग लिहाचं. त्यानंतर एकबी फोन नाई आला."

"पाऊस गावागावाला वेगळा पडतो, भाऊ."

"पडते ताई. पन कागदावर बरा नाई दिसत."

पांढरकवड्यात महामार्गाजवळच्या लॉजवर राहिलो. ट्रकांचे भोंगे खोलीतच वाजतात. शांत झोप हवी असेल त्यांनी इतरत्र जावं. मुग्धाने गेल्या वर्षीच्या पुराच्या दिवसाचे आकडे काढले: बहात्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर. तिघांना फोन केले. कोणालाच आपल्या पात्रात खरं किती होतं ते आठवत नव्हतं. म्हणजे तांडा कोरडाच राहणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावर गेलो. शेवटचा टप्पा पायी आहे, चपला घालू नका. तिथल्या जमनाबाईंनी आंबाडीची भाजी आणि भाकरी पुढे केली आणि भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली. ती चुलीच्या उंचीवर होती.

"पाऊस किती होता हो?" मी सवयीने विचारलं. उत्तराची अपेक्षा नव्हती.

"एक वीत अन् दोन बोटं."

मुग्धाच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

अंगणात तेलाचा चौकोनी डबा होता, वरचा पत्रा कापलेला, कोंबड्यांच्या पाण्याचा. जमनाबाई तो रोज संध्याकाळी रिकामा करून उघड्यावर ठेवतात आणि सकाळी त्यात हात घालून बघतात.

"चार बोटं असलं तं नाला उतरून कामाले जातो. वीत झाली तं बकऱ्या वर नेतो. त्या दिवशी बकऱ्याच वाचल्या, बाई. भांडे गेले."

सरळ उभ्या भिंतींचं, उघड्यावर ठेवलेलं भांडं! वर्गात याहून चांगलं उदाहरण मी कधी दिलं नव्हतं. टेपने बाईंची वीत आणि बोटं मोजली. सून हसून लोळायची बाकी होती. सासूला म्हणाली, "याडी, आता तुह्या हाताचा सदरा शिवून राह्यल्या का या?"

एकूण बावीस सेंटिमीटर, म्हणजे दोनशे वीस मिलिमीटर. मुग्धाने ओट्यावर लॅपटॉप उघडून तो आकडा घातला. पडद्यावर निळं पाणी नाल्यातून वर आलं, तांड्यात शिरलं आणि जमनाबाईंच्या चुलीपाशी थांबलं.

"आता कोनाले सांगता?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना," मी म्हटलं.

परतताना गजाननभाऊंना आणि सुदामकाकांना उभं करून बजावलं. तिसऱ्या मापकाच्या मेश्रामांना फोनवर. यापुढे एकमेकांना विचारायचं नाही. खरा आकडा त्या बाईंचा निघाला, तुमचा नाही, याची जरा लाज वाटू द्या. तिघांनीही कबूल केलं.

आकड्याचा स्रोत म्हणून मुग्धाने 'कोंबड्यांचा डबा' लिहिलं होतं. मी ते खोडून 'सरळ भिंतींचे उघडे भांडे, निरीक्षक जमनाबाई' केलं. वरिष्ठांनी भिंतीवरच्या रेघेचा फोटो पाहून मान्य केलं. तांडा निळ्या रेषेत आला. दोन दिवस, एक टाकी पेट्रोल आणि चिखलाने गेलेले बूट, एवढ्यात हे झालं. असा प्रवास जरूर करा.

सप्टेंबरात मुग्धाने या पावसाळ्याचे आकडे भरून नकाशा पुन्हा काढला आणि मला फोन केला. तिघांनी दिलेला शब्द पाळला होता. आता ते एकमेकांना विचारत नाहीत. रोज साडेआठला तिघेही जमनाबाईंना फोन करतात आणि त्या सांगतील तेच लिहितात.

तांड्याला आता इशारा नक्की मिळेल. टेकडीवरच्या सुदामकाकांच्या गावालाही मिळेल, कारण तेही निळं झालंय. तो मिळाल्यावर त्यांनी चढायचं कुठे, हे मुग्धाला अजून ठरवता आलेलं नाही.