कापसावरची राखण

कापूस देऊन परत येताना अकोल्याला, मोर्णेच्या काठी, दादाला थंडी वाजून आली. तिथेच तो गेला. मी बंडी हाकत घरी आलो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडिलांमागे भातकुलीकडची काळी जमीन त्याने कसली आणि मला अमरावतीच्या शाळेत ठेवले. त्या वर्षांत समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालली होती आणि तिच्यामुळे आमच्या कापसाला असा भाव आला होता, की ज्यांनी कधी अमरावतीचा बाजार ओलांडला नव्हता तेही बंड्या जुंपून खानदेशात निघाले. आगगाडी अजून वऱ्हाडात आली नव्हती. खानदेशात जिथे रूळ संपत तिथपर्यंत माल न्यायचा आणि डब्यात जागा मिळेपर्यंत बसून राहायचे. तिथल्या कारकुनांशी बोलायला कोणी शिकलेला बरोबर असावा म्हणून दादाने मला शाळेतून मागून घेतले. मला आगगाडी पाहायची होती, त्यामुळे मी लगेच तयार झालो.

आम्हांला तो परमुलूखच होता. तिथली बोली अर्धीच कळे. भाकरीची चव वेगळी, विहिरीचे पाणी वेगळे. पण परमुलखात आल्याची खरी जाणीव करून दिली ती डासांनी. रुळांचा भराव घालण्यासाठी माती काढलेली होती, ते सगळे खड्डे पाण्याने भरलेले होते, आणि त्या खड्ड्यांच्या कडेलाच बंड्यांचा पडाव होता. दिवस मावळला की हवेला आवाज फुटे.

घरी मी डासांचा कधी विचार केला नव्हता. दिवेलागणीला गोठ्यात गवऱ्या पेटवून वर कडुनिंबाचा ओला पाला टाकायचा. ती धुनी बैलांसाठी असे, पण तिच्यात माणसांचेही भागे. कोणी फार चिडलाच तर हातापायांना करंजाचे तेल लावी. पडावावर यातले काही कापसाजवळ चालत नव्हते. धुनी करायची ती बंड्यांपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि वारा फिरला की लगेच विझवायची. एका ठिणगीने सगळ्या वऱ्हाडाचे वर्ष जळाले असते, हे सांगावे लागत नसे. तेल तर कापसाला लागूच द्यायचे नाही. डाग दिसला की दलाल पुरा बोजा बाजूला काढी.

आणि तरी दर बंडीवर एका माणसाला निजावेच लागे. भाव असा चढलेला, की अंधारात कोणी बोज्यांतून पुंजके ओढून नेत, तर कोणी चांगला कापूस काढून त्या जागी किडका, कवडीचा भरत. म्हणजे बाकीचे धुनीभोवती गोल करून निजत, आणि राखणीचा माणूस धुराविना, तेलाविना कापसावर पडून राही. आम्ही दोघे भाऊ, म्हणून आमची पाळी एकाआड एक ठरली.

पहिली पाळी मी घेतली. डोक्यावरून धोतर ओढले तर जीव गुदमरे, तोंड उघडे टाकले तर कानाशी तो आवाज. सकाळी माझा एक डोळा उघडेना. ओठ सुजले होते. आमच्यामागे गावच्या एका माळ्याची बंडी होती, त्याला सगळे मामा म्हणत. त्याने मला पाहिले आणि दादाला विचारले की तुझा भाऊ कुठे गेला, हा कोण आणून बसवलास. सगळा पडाव हसला. मग तो म्हणाला की आपला कापूस इंग्रज नेतो आणि रगत हे खानदेशातले मच्छर नेतात, आपल्यापाशी राहते काय. दादाही हसला. संध्याकाळी त्याने आपले घोंगडे उचलले आणि तो बंडीवर चढला.

"तू तिकडं धुनीपाशी झोप," तो म्हणाला. "तुले वाचाले डोये लागतात. माह्या कातड्यात सुई घुसवाची तं मच्छरायलेच घाम येईन."

त्यानंतरच्या संध्याकाळी माझी पाळी होती. तरी तोच वर चढला. पुढेही तो चढतच राहिला. मी उजेड असेपर्यंत पुस्तक वाचत बसे, मग धुनीजवळ आडवा होई. आज कोणाची पाळी, हे मी विचारले नाही. विचारले असते तर त्याने काहीतरी थट्टेने बोलून मला परत पाठवले असते, हे मला माहीत होते. पण तसे माहीत होते म्हणून मी विचारले नाही, असे मला आज लिहिता येत नाही. धुनीजवळ झोप चांगली लागत होती.

डबा मिळाला, माल गेला. परतीच्या वाटेवर मोकळ्या बंडीत दादा खुशीत होता. वहिनीला लुगडे घेतले होते, ते तो पुन्हा पुन्हा उलगडून पाही. अकोल्याला पोचलो आणि त्याला थंडी भरली. मामाने आपले घोंगडे दिले, मी माझे दिले, तरी त्याचे दात वाजत राहिले. थंडी गेली की अंग तापे, घाम येई, आणि तो म्हणे, चाल, बैल जुंप. मग पुन्हा थंडी. वैद्याने काढा दिला. शेवटी तो मला ओळखेना.

घरी वहिनीने मला एकच विचारले, की वाटेत त्याने काय खाल्ले. निघताना पहाटे तिने त्याच्या तळहातावर दही घातले होते, प्रवासाला जाणाऱ्याच्या हातावर घालतात तसे. मार्गशीर्षातली ती गार पहाट आणि ते दही, यांनीच त्याला थंडी भरली, असे तिच्या मनाने घेतले. तिने पुन्हा कोणाच्या हातावर दही घातले नाही. घरात विरजण लावणेही सोडले. मी अमरावतीला मास्तर झालो, ती माझ्याकडे येऊन राहिली, आणि इतकी वर्षे आमच्या घरात दूध नासले तरी दही झाले नाही. दह्याने कोणी मरत नाही, असे मी सांगून पाहिले. ती म्हणे, "मंग कशानं?" ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

दोन वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात वाचले, की हिवताप हवेने नाही आणि पाण्याने नाही, डासांच्या चाव्याने अंगात शिरतो. मी ते पान घेऊन ओसरीवर गेलो. वहिनी तूर पाखडत होती. तिला वाचून दाखवले आणि म्हणालो, "वहिनी, तुमच्या दह्याचं काही नव्हतं."

सूप थांबले. "मच्छर?" ती म्हणाली. सूप खाली ठेवून तिने विचारले, "मंग तुमाले कसा नाई आला, भाऊजी? तुमी बी तं तिथंच होते."

मी सांगितले. धुनी सांगितली, पाळी सांगितली, पहिल्या पाळीनंतर कापसावर तोच निजत होता हेही सांगितले.

"त्यायनंच तुमाले धुनीपाशी धाडलं?"

"हो."

"तुमी कधी इचारलं, आज कोनाची पाळी म्हून?"

"नाही."

तिने सूप पुन्हा हातात घेतले आणि राहिलेली तूर पाखडून संपवली. त्या दुपारी ती शेजारी जाऊन वाटीभर दही मागून घेऊन आली. माझे जेवण आधी वाढले, नेहमीसारखे. मग स्वतःचे ताट घेतले, दही भातावर ओतले आणि सावकाश सगळे खाल्ले. मला हवे का, हे तिने विचारले नाही. मीही मागितले नाही. पुढेही ती माझे धोतर वाळत घाली, मी तिला पोथी वाचून दाखवी. तिचा स्वर बदलला नव्हता, आणि तो बदलला असता तर मला बरे वाटले असते.

वहिनी गेल्या श्रावणात गेली. शेत वाट्याने दिलेले आहे. घरात मी आहे. मला आजवर हिवताप आलेला नाही.