धूर दिसला नाही म्हणून

गेल्या सोमवारची गोष्ट. दिवस मावळायला थोडा वेळ होता. आम्ही नुकते भातलावणीवरून घरी आलो होतो आणि मी चहाच्या जुन्या लाकडी खोक्यातला पेंढा दोन्ही हातांनी बाजूला करत होतो... तेवढ्यात अंगणातून रडण्याचा आवाज आला.

बाहेर येऊन पाहतो तर ओढ्यापलीकडच्या वाडीतली आमची भावकी. पुरुषांच्या खांद्यावर ओले बांबू, बायकांच्या डोक्यावर टोपल्या. सगळ्यांच्या पुढे माझी चुलती, भागाकाकू, ऊर बडवत... "आबा गेलं रं! आन् आमास्नी सांगावा बी धाडला न्हाई!"

आबा म्हणजे माझे वडील. ते पडवीत घोंगडी पांघरून तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "कुटं गेलो?"

आधी त्या खोक्याविषयी सांगतो, म्हणजे माझा संताप कळेल. माझ्या बायकोला सातवा महिना आहे. आमच्या पासली गावात या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकून भाताची रोपं लावायची आणि घरी येऊन ओली लाकडं फुंकत बसायचं... रॉकेल कंट्रोलच्या दुकानात मोजून मिळणार, आणि स्टोव्ह तर आमच्या घरात कधी आलाच नाही. ती धुरात खोकत असते आणि आम्ही बाकीचे ताटाची वाट पाहत असतो. मला ते बघवेना.

उन्हाळ्यात मी भोरला कासमचाचांच्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करायला जात असे. त्यांची बायको, आमच्या चाची, सकाळी डाळीला खळखळून उकळी आणत, पातेलं पेंढ्याच्या खोक्यात पुरत आणि निवांत मशीनवर बसत. दुपारी डाळ शिजलेली... ना विस्तव, ना राखण. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण डोळ्यांनी पाहिलेलं मला कळतं.

तसंच खोकं मी घरी केलं. माळ्यावरचा कोरडा पेंढा मूठमूठ चाचपून भरला, दमट काडी एक राहू दिली नाही. पहाटे अंधारातच चूल पेटवून पावट्याची आमटी उकळायची, भात अर्धा शिजवायचा, भांडी गोणपाटात गुंडाळून आत पुरायची. झाकण नीट बसलं की नाही हे मी पुन्हा पुन्हा उघडून पाहत असे. शेवटी बायको म्हणाली, "आवं, तुमच्या बघन्यानंच ती गार व्हईल."

संध्याकाळी उघडलं की वाफ... चूल पेटवायचं कामच नाही.

आणि तिथंच घोटाळा झाला. पलीकडच्या वाडीतून आमच्या घराचं फक्त छप्पर दिसतं. ओढ्याला पूर, येणं-जाणं बंद, आबांना ताप आलेला सगळ्यांना ठाऊक. दोन दिवस झाले, संध्याकाळीसुद्धा, छपरातून धूर नाही... आणि चूल पेटत नाही ती मयताच्याच घरी. झालं! पुरुषांनी तिरडीचे बांबू तोडले, बायकांनी दुखवट्याच्या घरी न्यायच्या कडू घासाच्या भाकऱ्या थापल्या, आणि सगळे कमरेइतक्या पाण्यातून आले.

माणूस जिवंत आहे म्हटल्यावर आनंद व्हायला हवा की नाही? पण काकूंना राग आला. "जित्या घराचा धूर बंद करतोस व्हय रं? कुनी शिकिवलं ह्ये?" मागून कुणीतरी म्हणालं, "बायकूचं हात मऊ ऱ्हावं म्हून!" आणि तिरडीचे बांबू घेऊन आलेली माणसं खो खो हसली. बायको दाराआड तोंडाला पदर लावून उभी होती.

माझी आईसुद्धा त्यांच्यातच मिळाली. "म्या आदीच म्हनत व्हते, अपशकुन हाय त्यो. उद्या ते खोकं गोठ्यात टाक, आन् चूल पेटली पायजेल."

थोरांपुढे मी सहसा बोलत नाही. बोलायचं असलं तरी आधी मनात दहा वेळा घोकून घेतो. त्या दिवशी न घोकताच बोललो. "मेलेल्या माणसासाठी पूर ओलांडून भाकरी आणता. ही दोन जिवांची बाई रोज चुलीपुढं खोकते, ते दिसतंय सगळ्यांना. तिच्यासाठी कधी एक भाकरी आणलीत का?"

एका बाईनं डोक्यावरची टोपली पडवीच्या कडेला उतरवली.

मग आबा म्हणाले, "भाकरी माझ्या नावाची हाय न्हवं? आना हिकडं." आईनं कपाळाला हात लावला. पण आबांनी कडू घासाची ती भाकरी खोक्यातल्या आमटीत कुस्करून मजेत खाल्ली. "आमटी गरम हाय. खोकं ऱ्हाईल. सांजच्याला येक गवरी पेटवत जावा, मंजी लोकांस्नी धूर दिसंल."

एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं! शिजवण्यासाठी विस्तव नको, पण लोकांना दाखवण्यासाठी हवा... याची चीड मला अजून येते. आणि ती गवरी पेटवणार कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आईनं नुसतं सुनेकडे पाहिलं.

मी म्हटलं, मी पेटवीन.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी चुलीपुढं बसतो. कालच काकू ओढ्याच्या पलीकडच्या काठावर येऊन ओरडल्या, "काय रं, बाळंतपन बी तूच करनार का?" पुरातून भाकरी डोक्यावर धरून आलेली बाई ती... तिला मी वाईट म्हणत नाही. मी गवरी चुलीत आणखी आत सरकवली.

आत बायको भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून झोपली होती. तिन्हीसांजेला झोपू नये म्हणतात, तरी आईनं तिला उठवलं नाही. लावणीच्या दिवसांत त्या वेळेला झोपलेली बाई आमच्या घरात मी पहिल्यांदाच पाहिली.