लाखीच्या लेकी

कामरगावच्या अंगाला एक तांडा हाये. तठी हरिसिंगचं नाव त्याच्या कुत्र्यायनं केलं. जवानीत तो ऊसतोडीले जाये. कंबर धरली तसा वावरातच राह्यला. पण त्याच्या घरची कुत्री म्हणजे कुत्री! लांब टांगेची, पोट पाठीले लागलेली. रानडुक्कर सोयाबीनात शिरलं का भुंकत बसणार नाईत, सरळ जाऊन बांधापार हाकलून येतीन. हे रक्त त्याच्या बापानं सांभाळलेलं. हरिसिंगनं ते लाखीपर्यंत आणलं. लाखी ही त्याची लाखेच्या रंगाची कुत्री.

शिकारी कुत्र्याचे कान कापाची रीत हाये. लोंबता कान डुकराच्या सुळ्यात सापडते म्हणतात. डोळे उघडले का हरिसिंग नराचे कान वस्तऱ्यानं कापे, वरून चुलीतली राख दाबे. मादीले हात लावत नसे. मादी घरी राह्यते, तिचा कान कायले कापता?

लाखीच्या पिल्लायचं मात्र काही खरं नव्हतं. कान कापला का एखाद्या नराचं रक्त थांबतच नसे. राख लावा, हळद लावा, फडकं बांधा. पिल्लू लाखीच्या पोटाशी पडून थेंब थेंब सरून जाये. हरिसिंग म्हणे, "कच्चं होतं. डुकरापुढं काय टिकलं असतं?" उरलेले नर त्याले पक्के वाटत. अन् माद्या तं सगळ्याच पक्क्या. एकीलेबी कधी काही झालं नाई. म्हणून कोणी पिल्लू मांगाले आलं का तो मोठ्या मनानं मादी दे. एक कामरगावच्या अल्ताफले देल्ली, एक केनवडच्या रूपलाले, एक अनसिंगच्या गोविंदाले.

गेल्या खेपेले लाखी व्याली तवा त्याची बायको कमलीबाई दारात आडवी झाली. (घरात ते गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, मी आपल्या बोलीत सांगतो.)

"या बारीनं वस्तरा काढाचा नाई. खड्डे खांदून खांदून मी थकली."

"बिना कापल्या कानाचं कुत्रं? लोकं हासतीन."

"हासू द्या. तुमाले काय नवीन हाये?"

त्या बारीनं एकच नर होता, डोंगऱ्या. कान शाबूत ठेवून वाढला. तांड्यातले म्हणत, "हरिसिंग, हे कुत्रं व्हय का शेळी?" पण पळाले लागला का सगळ्यायची तोंडं बंद. हरिसिंगनं मनात ठरवून टाकलं, याच्याकून अल्ताफची मादी फळवाची. ती लाखीचीच लेक. घरचं रक्त घरात राह्यते, जात पक्की होते. बापानं असंच केलं होतं.

डोंगऱ्याचे दुधाचे दात पडत होते तवाच त्याच्या तोंडाले सारखं रक्त राहे. मंग एका पायाचा टोंगळा सुजला. लचकला असन म्हणून हरिसिंगनं एरंडाचं पान बांधलं. पुढं तो त्याले पिसाळल्या कुत्र्याची सुई द्याले दवाखान्यात घेऊन गेला, तं सुई टोचली तठी मोसंबीएवढी गाठ आली. डॉक्टरीण अफ्रीन मॅडमनं गाठ चाचपली, टोंगळा पाह्यला, हिरड्या पाह्यल्या.

"काका, याचे भाऊ होते का?"

"होते. कान कापले का जात."

 मंग तिनं रक्त काढून शहरात तपासाले पाठवलं, अन् टोचल्या जागेवर हरिसिंगले लय वेळ बोट दाबून बसवलं. रिपोर्ट आल्यावर तिनं त्याले बोलावलं.

"याचं रक्त गोठत नाही, काका. जन्मापासूनच. हे आईकडून आलंय."

"लाखीकून? तिले खरचटलं तं तवाच सुकते, मॅडम."

"तिच्यात ते झाकून राहतं. मादी बहुतेक धडधाकटच दिसते. पण तिच्या नरांत साधारण अर्ध्यांना होतं, अन् तिच्या अर्ध्या लेकी ते पुढं नेतात. कोणती नेईल ते बघून कळत नाही. त्यात बहीण-भाऊ फळवले तर मग मादीलाही होऊ शकतं."

हरिसिंगनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्या तं माद्याच वाटल्या," तो म्हणे. "चांगल्या म्हणून."

"लाखीचं ऑपरेशन करून टाका. अन् जिथं जिथं दिल्या, तिथं सांगा. याचं पिल्लू होऊ देऊ नका."

डोंगऱ्या बैलगाडीवरून उडी मारता मारता गेला. रोजचीच उडी. खाली आला, दोन पावलं चालला अन् बसला. बाहेर रक्ताचा टिपका नाई, पण पोट फुगत गेलं, हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या झाल्या. दवाखान्याची वाट अर्धी झाली असन, कमलीबाई म्हणे, "वापस चला." खड्डा त्या दिवशी हरिसिंगनं खांदला.

लाखीचं ऑपरेशन झालं. मंग तो अल्ताफच्या दुकानात गेला. अल्ताफ मटण तोडून राह्यला होता. सगळं आयकून त्यानं सुरा खाली ठेवला.

"वा रे हरिसिंग! आजपर्यंत कान कापत आला, आता पोट कापाले निघाला? पुऱ्या तालुक्यात अशी मादी नाई, अन् तू म्हणतं वांझ कर."

"तिले दोनच पिल्लं झाली, दोनी नर. गेले ना बे, दात येताना?"

अल्ताफनं सुऱ्याचं पातं फडक्यानं पुसलं. मंग म्हणे, "अपनी ही औलाद का नाम मिटा रहा है तू." पण दुसऱ्या दिवशी मादीले गाडीत घालून तोच दवाखान्यात घेऊन गेला. केनवडच्या रूपलाची कुत्री साप चावून आधीच मेली होती, तिले पिल्लं झालीच नाईत. हरिसिंगले हायसं वाटलं, अन् वाटलं म्हणून लाजबी वाटली.

राह्यलं अनसिंग. गोविंदानं चहा पाजला, कुत्री दाखवली. धिप्पाड होती, लाखीचंच तोंड. ऑपरेशनचं म्हणलं तं तो लगेच तयार झाला. "करून टाकू भाऊ, तशीबी ती आता व्यायून व्यायून थकली."

"हिचे पिल्लं?"

"नर दोन होते, मेले. माद्या बाजारात नेऊन वाटल्या. एकदम पक्क्या होत्या."

"कोणाले?"

"एक लाल मोटरसायकलवाला होता. एक बाई, झोळीत घालून घेऊन गेली."

"नाव काय त्यायचं?"

"कुत्रं देताना नाव कोण पुसते, भाऊ?"

आता बाजाराच्या दिवशी हरिसिंग गाड्या बदलून अनसिंगले जाते. लांब टांगेची कुत्री दिसली का मालकाले आडवा होते. "कोठून आणली? मादी हाये का?" लोक टरकावतात. बुढा कुत्रे चोराले आला म्हणून एका पोट्ट्यानं त्याची कॉलर धरली होती. बाकीच्यायले वाटते, याचं कुत्रं हारपलं. भजे तळणारी बाई त्याले रोजच्या गिऱ्हाइकासारखी ओळखते.

"सापडलं का, बाबा?"

"नाई," म्हणते तो, अन् बसस्टँडाकडं चालाले लागते.