सोळा पाकळ्यांचं कमळ

आक्काच्या गळ्यातली गाठ काढली तेव्हा मी जुन्नर तालुक्यातल्या मढच्या शाळेत शिक्षिका होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी थोरली. आमचं माहेर तळेघरच्या अंगाला, एसटीतून उतरून तासभर चालल्यावर येणाऱ्या एका वाडीत. भात आणि नाचणी, एवढीच शेती. आक्काला दिली होती आळेफाट्याला. दाजी आमच्याच डोंगरातले, पण लहानपणीच गॅरेजवर कामाला लागून तिकडचे झालेले. गॅरेजच्या मागे दोन खोल्या, तिथं त्यांचा संसार. एक मुलगी, चार शेळ्या.

आक्का गाणी करायची. गायची म्हणत नाही, करायची म्हणते. वाडीत कुणाचीही हळद असली की बायका तिला मधे बसवायच्या. समोर बसलेल्या माणसाकडे बघत ती तिथल्या तिथं गाणं रचायची. व्याह्याच्या मिशा, विहिणीचा घाम, वरमाईनं आणलेली साडी, काही सुटायचं नाही. स्वतःच्या हळदीत नवरीनं मान खाली घालून बसायचं, तर ही तिथंही गायली.

नवरा आला फाट्याचा, हळद लावू किती गं,
हातचं ग्रीस निघंना, घासू तरी किती गं.

म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. दाजी मात्र हसले. पुढं कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांना हात दाखवून ते हे सांगत असत.

पुण्यातल्या डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. गाठ वाईट आहे, ती काढावीच लागेल. आवाजाच्या नसा तिच्यात गुंतल्या आहेत. त्या वाचल्या तर वाचल्या.

"काढली न्हाई तर?" आक्कानं विचारलं.

डॉक्टरांनी तेही सांगितलं.

"काढा मंग," ती म्हणाली.

ऑपरेशनला नेताना तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, लेकीबद्दल काही सांगेल. ती म्हणाली, "शेळ्यांना पाला टाकला का, इचार त्यांना." तिच्या आवाजात मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

गाठ गेली आणि आवाजही गेला. उरला तो नुसता वारा. कान तिच्या तोंडाशी नेला तर शब्द कळायचे, फुंकर मारल्यासारखे. पण तिचं घर हमरस्त्याला. नाशिककडं, नगरकडं जाणाऱ्या गाड्या दिवसभर चालू, समोर हवा भरायचं मशीन. त्या गोंगाटात फुंकर कुठून ऐकू येणार? मुलीला हाक मारायची तर ती टाळी वाजवायची. पाणी पिताना ठसका लागायचा म्हणून हनुवटी छातीला टेकवून एकेक घोट घ्यायची. हळूहळू तिनं बोलायचंच सोडलं. लोक भेटायला यायचे, मोठमोठ्यानं बोलायचे. आवाज गेला म्हणजे कानही गेले, अशी त्यांची समजूत.

अशी तीनेक वर्षं गेल्यावर योगाची वाट मीच दाखवली. जुन्नरला आमचं प्रशिक्षण होतं, तेव्हा एका शिक्षिकेनं सांगितलं की पोस्टातून निवृत्त झालेले एक सर दर रविवारी सकाळी देवळाच्या वरच्या खोलीत योग शिकवतात. पुढच्या रविवारी मी मढहून आले, आक्का आळेफाट्याहून. स्टँडवर भेटून आम्ही चालत गेलो.

खोलीत सतरंज्या घातलेल्या होत्या. भिंतीवर सरांनी स्वतः ऑइलपेंटनं रंगवलेला तक्ता होता. मांडी घालून बसलेला माणूस आणि त्याच्या पाठीच्या कण्यावर खालपासून वरपर्यंत सात कमळं. सर काठीनं एकेक दाखवत होते. मूलाधार म्हणजे बूड, तिथं स्थिरता. बेंबीखाली स्वाधिष्ठान, नवं काही निर्माण करायची ओढ तिथली. मग मणिपूर, मग छातीत अनाहत. काठी गळ्यापाशी आली. तिथं निळसर, सोळा पाकळ्यांचं कमळ.

"हे विशुद्ध," सर म्हणाले. "खाली जे जे सुचतं, ते इथनं भाईर पडतं. बोलणं, गाणं, सगळं. हे मोकळं असंल तर माणूस मोकळा."

आक्का त्या कमळाकडं बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माझं मिटलंय."

वर्ग संपल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी आक्काच्या गळ्यावरचा व्रण पाहिला. "मी काय डॉक्टर न्हाई," ते म्हणाले. "श्वास सुधारंल, झोप लागंल, मनाला बरं वाटंल. त्यापुढचं मला सांगता यायचं न्हाई, ताई." त्यांनी हे अगदी नीट सांगितलं होतं. ऐकताना आम्ही दोघींनी त्यातलं शेवटचं वाक्य सोडून दिलं.

वर्षभर आम्ही एकही रविवार चुकवला नाही. आणि खोटं का सांगू, फरक पडला. आक्काला झोप लागायला लागली. खांदे वर चढवून बसायची, ते खाली आले. ठसका कमी झाला. चेहऱ्यावर जरा पाणी आलं. एका रविवारी शवासनात पडल्यापडल्या तिची बोटं सतरंजीवर ठेका धरू लागलेली मी पाहिली. स्टँडवर परतताना तिनं मला थांबवलं आणि कानात म्हणाली, "सुचतंय गं."

मी शाळेची एक वही तिच्यासाठी केली. ती ओळ सांगायची, मी लिहायची. गळ्यात बसलेल्या वाऱ्यावर एक गाणं होतं, पाव्हण्यांच्या मोठ्या आवाजावर एक होतं, त्यावर मी बाकावर बसून पोट धरून हसले. पण दहा-बारा झाल्यावर तिनं वहीवर हात ठेवला.

"ह्ये गाणं न्हाई. लिवलेलं हाय नुसतं. चाल कुठंय?"

"चाल तुझ्या डोक्यात आहे ना?"

"डोक्यात असून काय करू? डोकं फोडून दावू?"

चाल तिला मला शिकवता येत नव्हती. ती ठेका द्यायची, हात वरखाली करून सूर कुठं चढतो ते दाखवायची. मी गायला लागले की मान हलवायची. माझ्या गळ्यात सूर नाही, लहानपणापासून नाही.

आता मी केलेलं सांगते.

प्रत्येक चक्राचा एक बीजमंत्र असतो. विशुद्धाचा 'हं'. वर्गात वीस-पंचवीस माणसं एकदम 'हं' म्हणायची आणि खोली घुमायची. आक्काचा मात्र नुसता ह. पुढचा नाद कधी लागायचाच नाही. त्यानंतर भ्रामरी. कान बंद करून, ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करायचा. तेव्हा आक्का माझी बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवायची. आत काही थरथरलं तर मी सांगायचं, असं तिनंच ठरवलेलं. दर रविवारी मी बोटं ठेवायची आणि नंतर मान हलवून नाही म्हणायची.

त्या दिवशी तिच्या लेकीची सोयरीक मोडली होती. मुलाकडच्यांनी मधल्या माणसाबरोबर निरोप पाठवला होता की मुलीची आई मुकी आहे, उद्या हिच्या पोरांचं काय होईल. आक्का ते माझ्याजवळ एका वाक्यात बोलली आणि वर्गात येऊन बसली. भ्रामरी सुरू झाली. मीही गुंजारव करत होते. माझी बोटं तिच्या गळ्यावर. क्षणभर बोटांना काहीतरी लागलं. ती माझीच थरथर होती, माझ्याच हाडांतून बोटांत उतरलेली. मला ते त्याच वेळी कळलं होतं.

तिनं डोळे उघडले. "हाललं?"

"हो," मी म्हणाले. "जरासं."

तिच्या चेहऱ्याचं जे झालं ते मला लिहिता येत नाही.

त्यानंतर आठ महिने ती रोज पहाटे गाड्यांची वर्दळ वाढायच्या आत उठून बसायची. दाजी मशीन चालू करायला मुद्दाम उशीर करायचे. "तिचं चाललंय," असं गिऱ्हाइकाला हळूच सांगायचे. रविवारी ती पुन्हा माझी बोटं धरायची आणि मी पुन्हा म्हणायची, हललं. एकदा सांगितलेलं परत घ्यायला तोंड झालं नाही. दर रविवारी वाटायचं, पुढच्या रविवारी सांगू. आणि मनाच्या एका कोपऱ्यात मलाही वाटायला लागलं होतं की इतकं केल्यावर काहीतरी होईलच.

शेवटी तिनंच पुण्याला डॉक्टरकडं जायचं काढलं. "आता बघू द्या त्यांना," म्हणाली. दाजींना कामावरून निघता येईना, मी रजा काढून गेले. डॉक्टरांनी जीभ धरून घशात छोटा आरसा घातला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले की आवाजाचे दोन्ही पडदे होते तसेच आहेत, ऑपरेशननंतर ते हललेलेच नाहीत आणि आता हलण्याची शक्यताही नाही.

"थोडंसुद्धा न्हाई?" तिनं विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं विचारलं.

"थोडंसुद्धा नाही," ते म्हणाले.

आक्कानं माझ्याकडं वळून पाहिलं. रागानं नाही. एखाद्या अनोळखी बाईकडं बघावं तसं. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. मंचरच्या पुढं मी रडायला लागले, खरं काय ते सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. नारायणगाव आल्यावर माझ्या कानाशी तोंड आणलं.

"त्या दिशीबी न्हाई म्हणाली असतीस, तर मी कवाच गप बसले असते गं."

ती पुन्हा वर्गाला आली नाही. मी एकटीच जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी तक्त्याकडं पाहिलं.

"तुमी खोटं बोललात," ते म्हणाले. "पन त्या तक्त्यापुढं उभं राहून आधी मी बोललो. ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं ते मला दिसत व्हतं. मी थांबवलं न्हाई." आणि मग, "श्वास घ्यायला सांगा त्यांना. तेवढं तरी सोडू नका म्हणावं."

मी निरोप दिला. आक्कानं तो ऐकला आणि भाकरी थापत राहिली.

पुढं लेकीचं लग्न दुसरीकडं जमलं. हळदीला तळेघरकडच्या दोन म्हाताऱ्या बायका आल्या होत्या, आक्काच्या गाण्यांत पूर्वी मागं म्हणणाऱ्या. मांडवात डीजे होता, त्यावर हिंदी गाणी. त्या दोघी आक्काशेजारी नुसत्या बसून होत्या. डीजेवाला चहाला गेला तेव्हा मी वही काढली. आक्कानं लेकीसाठी सांगितलेलं एक गाणं त्यात होतं. म्हाताऱ्या पुढं सरकल्या. मी दोन ओळी म्हटल्या असतील. सूर लागत नव्हता, मलाच कळत होतं. आक्कानं माझं मनगट धरलं, वही मिटली आणि मांडीखाली घेऊन बसली. म्हाताऱ्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाय." मग डीजेवाला आला.

त्याच सुमारास टीव्हीवर रोज सकाळी योग दाखवायला लागले. सगळ्या पाव्हण्यांना एकदम सगळं कळायला लागलं. "आक्का, रोज अर्धा तास करा, लई फरक पडतो," असं जो तो सांगायचा. आक्का मान डोलवायची. तिनं आधी काय केलं होतं, ते कुणाला माहीत नव्हतं आणि तिनं सांगितलंही नाही.

मी मात्र सोडलं नाही. सर गेले, ती खोली बंद झाली, तरी घरी करत राहिले. आणि जे तिच्यासाठी मागितलं होतं ते माझ्याकडं आलं. मला लिहायला सुचायला लागलं. चाळिशीपर्यंत शाळेच्या अहवालापलीकडं एक ओळ न लिहिलेल्या मला श्वास शांत झाला की वाक्यं सुचू लागली. कुणी विचारलं तर मी सांगते की योगानं मला फायदा झाला. तो झालाच आहे. सांगताना दर वेळी वाटतं, मी दुसऱ्याच्या पंगतीत बसून जेवले.

हे सगळं लिहून झाल्यावर गेल्या दिवाळीत आळेफाट्याला गेले तेव्हा आक्काला वाचायला दिलं. ती चौथी शिकलेली, बोट ठेवून सावकाश वाचते. दुपारभर वाचत होती. मी चहा केला, तो निवला. वाचून झाल्यावर तिनं कागद नीट जुळवले आणि मला जवळ बोलावलं.

"ह्यात माझा आवाज कसा व्हता, ते कुठं लिवलंय?"

मी सांगितलं, ते लिहायचं राहिलं.

घरी येऊन पुष्कळदा बसले. गोड लिहिलं, खोडलं. भरदार लिहिलं, तेही खोडलं. आम्ही कधी टेप केला नव्हता, तशी वस्तूच घरात नव्हती. भाचीला फोन करून विचारलं, तुला आठवतो का आईचा आवाज. ती म्हणाली, "न्हाई आठवत मावशी. मला फक्त टाळी आठवती."