प्रार्थनेच्या काठीवरचा सोमल

शाळेतल्या रसायनाच्या बाईंइतकं ऋण माझ्यावर कुणाचंच नाही. आमच्या घरात दहावीपुढे कुणी शिकलं नव्हतं. बाई घरी येऊन वडिलांशी बोलल्या, म्हणून मी कॉलेजात गेलो आणि पुढे पीएचडीसाठी ड्रेस्डेनला आलो.

इथे आमच्या प्रयोगशाळेत एका संग्रहालयाने ऐनू लोकांच्या प्रार्थनेच्या काठ्या तपासायला पाठवल्या. ऐनू हे उत्तर जपानचे मूळ रहिवासी. काठी चपटी, कोरीव, वीतभराहून थोडी लांब. तिचं टोक दारूत बुडवून देवांना थेंब वाहायचे. माणूस बोलताना अडखळला तरी काठी त्याचं म्हणणं देवांना नीट सांगते, अशी श्रद्धा.

पूर्वी कीड लागू नये म्हणून संग्रहालयातल्या लाकडाला आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, चोळत. तो किती उरलाय हे मी मोजायचं होतं. एक ऐनू आजोबा येणार होते. त्यातली एक काठी त्यांच्या पणजोबांची होती आणि त्यांना तिनेच प्रार्थना करायची होती. करता येईल की नाही, ते माझ्या मोजणीवर होतं.

पहिल्याच दिवशी खोक्याला माझा बूट लागला. मी वाकून खोक्याला हात लावला आणि कपाळाकडे नेला. काठ्या घेऊन आलेल्या संग्रहालयाच्या बाईने माझं मनगट धरलं.

"हातमोज्याला विष आहे. तुमच्यात असा नमस्कार करतात, हो, कळलं मला. पण या आता नमस्कार करण्याजोग्या नाहीत."

पणजोबांच्या काठीवर सोमल भरपूर निघाला. पुन्हा मोजलं, तेच. सर्वांत जास्त टोकावर. आजोबा आले तेव्हा मीच सांगितलं.

"हातात घेऊ?"

"हातमोजे घालून."

"आणि दारूत?"

"नको. विष थेंबात उतरेल."

ते किंचित हसले. "म्हणजे देवांनाच पाजायचं."

निळे हातमोजे घालून त्यांनी काठी धरली, तोंड उघडलं. शब्द आला नाही. बऱ्याच वेळाने काठी खाली ठेवत म्हणाले, "पणजोबांची भाषा मला धड येत नाही. ही सांभाळून घेईल असं वाटलं होतं."

त्या आठवड्यात मी बाईंना लिहिलं:

"ती. बाईंना सा. नमस्कार. लाकडातून सोमल पुरता काढता येतो का? इथे सगळे म्हणतात, कमी होतो, जात नाही. माझं काम संपलंय. पण यंत्र बंद केलं की कुणीतरी तोंड उघडून थांबलंय असं वाटतं. मी मागे वळून बघतो. सोमवारी काठ्या परत जातील. काल मी त्या काठीपुढे उभा राहून मराठीत बोललो. त्यांच्या देवांची नावं मला माहीत नाहीत. ते आजोबा येऊन गेले, एवढंच सांगितलं."