विहीर गोड आहे

आमच्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. घरातून निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतं. हे सगळं मला म्हसळ्याला माहेरीही माहीत होतं. लग्न होऊन दिवेआगरच्या या वाडीत आले तेव्हा त्यात एका गोष्टीची भर पडली. विहिरीच्या काठावर उभं राहून ‘खारं’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘मचूळ’ही नाही. पाणी कसं आहे असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, गोड.

समुद्र आमच्या मागच्या कुंपणापलीकडे, केवड्याच्या बनाआड आहे. घरात बसून तो ऐकू येतो. सासूबाई रोज सकाळी विहिरीचा पहिला पोहरा स्वतः काढायच्या, पितळेच्या पेल्यात घोटभर पाणी घेऊन तोंडात घोळवायच्या आणि म्हणायच्या, “गोड आहे.” उरलेलं पाणी तुळशीला. त्यानंतरच वाडीला शिंपण सुरू व्हायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला भारी गंमत वाटायची. “आई, प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला का?” असं मी ओट्यावरून ओरडायचे. “आला गो, पास झाली,” असं त्याही हसून म्हणायच्या.

मग एका पावसाळ्याच्या तोंडाशी आलेल्या चक्रीवादळात आमच्या निम्म्याहून जास्त पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं तिथे भगभगीत आभाळ दिसायला लागलं. नवरा आणि सासूबाई कितीतरी दिवस त्या बाजूला बघतही नव्हते. मी मात्र बघत होते. खरं सांगायचं तर मला मनातून आनंद झाला होता, आणि त्याची अजून लाज वाटते. मला कायम भाजीचा मळा हवा होता आणि पोफळीच्या सावलीत अळूशिवाय काही धड येत नव्हतं. मी तिथे वांगी लावली, भेंडी, घेवडा, मिरची लावली. कडेने मोगरा आणि अबोली, कोपऱ्यात लिंबू, पाटाच्या तोंडाशी केळी. पहिल्या वर्षी इतकं पिकलं की शाळेतल्या सगळ्या बाई माझ्याशी गोड बोलायला लागल्या.

उन्हातली भाजी पाणी फार मागते. आमच्या पंपाला सासूबाईंचा नियम होता, सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर, आणि दुपारी विहिरीला पडू द्यायचं. ‘पडू द्यायचं’ म्हणजे जेवल्यावर माणूस पडतो तसं. मी दिवसभर शाळेत, आणि लाइट येणार कधी, जाणार कधी, याचा भरवसा नाही. म्हणून मी पंपाला ऑटो बसवून घेतला. लाइट आली की पंप आपोआप सुरू. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “तिला झोप कधी मिळणार मग?” मी म्हटलं, “आई, ती विहीर आहे.” त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात घेवड्याची पानं कडेने करपायला लागली. मला वाटलं खत जास्त झालं. खत बंद केलं आणि चुलीतली राख घातली. पानं आणखी करपली. मग लिंबाने पानं गाळली. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आधीच तपकिरी पडू लागल्या. केळीच्या पानांना कोणीतरी काडी लावत फिरल्यासारखी कडा आली होती. मी औषधं फवारली, माती बदलली, शेजारणीच्या कोंबड्यांना बोल लावला. न्हाणीघरात साबणाला फेस येईना, म्हणून साबण बदलला.

माड मात्र उत्तम होते. इतके नारळ मी या वाडीत कधी पाहिले नव्हते. माडाला मीठ मानवतं. आमच्याकडे पावसाळा संपला की प्रत्येक माडाच्या आळ्यात दोन ओंजळी खडेमीठ टाकतात, ते मीच टाकत आले आहे. त्यामुळे फाल्गुनात आळ्यांमधून पांढरी साय धरलेली दिसली, तेव्हा मला वाटलं, आपणच टाकलेलं मीठ वर आलं. हीच पांढरी साय मी पुढे वांग्यांच्या वाफ्यातही बघितली. तिथे मी मीठ टाकलं नव्हतं. तरी बघून पुढे गेले. सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवते, की किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी समुद्राच्या पाण्यावर तरंगत असतं आणि वरचं जास्त उपसलं की खालचं वर येतं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आहे हा.

सासूबाई रोज सकाळी पेला तोंडाला लावत होत्या आणि ‘गोड आहे’ म्हणत होत्या. फक्त घोट आणि शब्द यांच्यामध्ये थोडा वेळ जायला लागला होता. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी ते वयावर ढकललं.

त्याच सुमारास त्यांचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं. मी आमटी अळणी केली, लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली, पापड बंद. गोळी एकाची दोन झाली. तरी दाब उतरेना, वर पायांवर सूज यायला लागली. मी त्यांच्यावर चिडायचे. “चोरून काय खाता ते सांगा मला,” असं एकदा चक्क ओरडले. त्या अळणी भात जेवत राहिल्या. आम्ही नवरा-बायको नळाचं पाणी गाळून पितो. त्या मात्र जन्मभर विहिरीचंच प्यायल्या. नळाच्या पाण्याला त्या ‘परकं पाणी’ म्हणायच्या.

चैत्रात एका सकाळी त्यांना उठताच येईना. डोकं गरगरत होतं. मी रिक्षा बोलावली. ती येईपर्यंत त्या कॉटवरून एकच म्हणत होत्या, “अगो, विहीर बघायची राहिली.” त्यांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी पोहरा काढला आणि लग्नानंतर पहिल्यांदा तो पेला तोंडाला लावला.

मला ते गिळवेना.

मी तशीच काठावर उभी राहिले. घेवडा, लिंबू, मोगरा, साबण, सगळं एकदम समोर आलं आणि सगळ्यांच्या शेवटी ती सुजलेली पावलं. मी आमटीत चिमटीने मीठ मोजत होते आणि या तांब्यातांब्याने हे पीत होत्या. इतकी भीती मला वादळातही वाटली नव्हती.

आत गेले. त्यांनी विचारलं, “कसं आहे?”

“खारट आहे, आई,” मी म्हटलं. “कधीपासून?”

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “वर्ष होईल.”

“मग प्यायलात कशाला?”

“मी पिणं सोडलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का सोडलंस. पंपाला ऑटो तू बसवलास. या गावात कुणाची विहीर कुणाच्या हाताने बिघडली ते तीन पिढ्या विसरत नाहीत. तुला जन्मभर तेच ऐकावं लागलं असतं.”

मी त्यांच्या पायांशी बसून रडले. त्यांना ते आवडलं नाही. रिक्षा आली, तेव्हा त्यांनी मला आधी तोंड धुवायला लावलं.

आता त्या परकं पाणी पितात. सूज उतरली, दाब थोडा उतरला. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडाचं काय ते पुढे कळेल. मी ऑटो काढून टाकला. पंप बंदच असतो. पेला घेऊन सकाळी मीच जाते. तीन पावसाळे चांगले झाले आणि विहिरीला हात लावला नाही, तर पाणी परत येईल कदाचित. पुस्तकात तरी तसं लिहिलं आहे.

परवा सकाळी शेजारीण कुंपणाशी आली. तिच्याही पोफळी वादळात गेल्या, तिनेही माझं बघून भाजी लावली, माझं बघूनच ऑटो बसवला. तिच्या हातात घेवड्याचं एक पान होतं, कडेने करपलेलं. ते तिने पदराखाली धरलं होतं, पण मला दिसलं.

“वैनी, तुमच्या हिरीचं पानी कसं हाय?”

मी काठावरच उभी होते, हातात पेला होता. घरात सासूबाई जाग्या होत्या आणि त्यांना इथलं सगळं ऐकू जातं. मला सांगायचं होतं. तिचा म्हातारा सासरा विहिरीचंच पितो, हेही मला माहीत होतं.

“गोड आहे,” मी म्हटलं. “तुमचं?”

तिने पान मुठीत चुरगळलं.

“आमचंपन गोडच हाय,” ती म्हणाली.

तेवढ्यात लाइट आली. तिचा पंप सुरू झाला, मग तिच्या पलीकडच्या वाडीतला, आणि मग समुद्राच्या बाजूने एकेक करत सगळेच.