इंदूच्या हातचं बेसन

निरोप दुपारी आला. मी ओसरीत तांदूळ निवडत बसले होते आणि शेजारची कौसल्या दारात येऊन नुसती उभी राहिली. "काय झालं वं?" म्हटलं, तर म्हणाली, "मेडिकलच्या दवाखान्यातून माणूस आला होता... इंदू गेली." मी सूप खाली ठेवलं. रडू पार संध्याकाळी आलं, आधी आला तो राग. महिना होऊन गेला, तो अजून उतरलेला नाही. गल्लीतल्या बायका एकेक करून जमल्या आणि ज्यांनी वर्षानुवर्षं इंदूला दारात उभं केलं नाही, त्याच "मोठी चांगली बाई होती हो" म्हणायला लागल्या. मेल्यावर काय, सगळेच चांगले होतात. जितेपणी कुणाला चांगलं म्हणायचं झालं की जीभ जड होते.

मी आणि इंदू एकाच लग्नसराईत या विणकरांच्या गल्लीत आलो. साठ सालाच्या आसपासची गोष्ट असेल. ती उमरेडची, मी रामटेककडची. दोघींच्याही घरी हातमाग, दोघींचेही नवरे मागावर, आणि आम्ही ओसरीत समोरासमोर बसून सुताच्या कांड्या भरायचो. मागाची खटखट चालू असली की बोललेलं घरातल्या कुणाला ऐकू जात नाही, हे सुनांच्या मोठ्या सोयीचं असतं. मी तोंडाची फटकळ. ती हसून घ्यायची, पण टोला द्यायची बरोबर. "तुले देवानं जीभ द्यायच्या वेळी कात्री देली वाटते," म्हणायची. तिला मूल झालं नाही. त्याचं रडगाणं तिनं कधी गायलं नाही. कुणाच्या बाळंतिणीचं पाणी भरून दे, कुणाच्या पोरींच्या वेण्या घालून दे, असं तिचं चालू असायचं, आणि विचारलं तर म्हणायची, "बसून काय करू वं?"

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. माणसं घाटावरून परतली, कडुनिंबाचा पाला चावून झाला, की शेजारून बेसन-भाकर येते. पिठल्याला आम्ही बेसनच म्हणतो. आणणारीनं ते ठेवून निघून जायचं नसतं. सोबत बसून स्वतः घास घ्यायचा, तेव्हा कुठे घरची माणसं हात लावतात. हे काम गल्लीत इंदूनं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. तिचं बेसन मऊ, गुठळी म्हणून सापडायची नाही, आणि त्यात ती ओवा हातावर चोळून टाकायची. रडून रडून पोट धरतं माणसाचं, म्हणून. घरातल्या सगळ्यात लहान पोरापासून भरवायला सुरुवात करायची. पोर खाताना दिसलं की आईही एक घास घेते, हे ज्या बाईला पोर नव्हतं तिला कळलं होतं.

मग तो उन्हाळा आला. आमच्या गल्लीतला नामदेव माग सोडून सावनेरकडे कोळशाच्या खाणीत लागला होता. एका सकाळी बसनं आलेल्या माणसानं सांगितलं, खाणीचं छत बसलं आणि नामदेव खाली सापडला. त्याची बायको गिरजा जागच्या जागी कोसळली. गडीमाणसं सावनेरला धावली. दुपार टळली तरी कुणी परत येईना, आणि गिरजाची पोरं सकाळपासून उपाशी कोपऱ्यात बसलेली. इंदूला ते पाहवेना. मी म्हटलं, "थांब वं, प्रेत आलं नाही अजून. आधी बेसन नेत नाहीत." ती म्हणाली, "पोरायले काय समजते त्यातलं? भूक लागून राहिली त्यायले." आणि ती घेऊन गेली.

दिवे लागायच्या वेळी नामदेव आला. डोक्याला पट्टी बांधलेली, हात गळ्यात, पण आपल्या पायांनी चालत आला. दारात पाहतो तर पोरांच्या हातात बेसन-भाकर. तो आधी हसला. "माहं तेरवीचं जेवण झालं का गा?" म्हणाला. गल्लीही हसली. गिरजा हसली नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आत नामदेव खोकून खोकून खलास झाला. छातीत कोळसा भरला होता त्याच्या, सगळ्यांना ठाऊक होतं. पण गिरजा ओसरीत बसून छाती बडवत ओरडली, "त्या वांझोटीनं जित्या माणसाच्या घरी बेसन आणलं! तिनंच खाल्लं माह्या माणसाले!"

संपलं. हळदीकुंकवाला बोलावणं बंद, बारशाला बंद. सकाळी ती नळावर निघाली की दारं लागायची. कुणी आजारी असलं आणि इंदू विचारायला गेली, तर "कोणाले न्यायले आली वं?" म्हणायच्या. मी भांडले, हो, एकेकीच्या दारात जाऊन भांडले. काही उपयोग झाला नाही.

पण नामदेव गेला त्याच दिवशी ती माझ्या मागच्या दारानं आली होती. पदराखाली जर्मनचा गंज, बेसनानं भरलेलं पातेलं. "हे घे. तुह्या भांड्यात काढ आन् ने. माहं नाव नको सांगू." मी म्हटलं, "ज्या बाईनं तुले शिव्या देल्या तिच्यासाठी? डोकं फिरलं का तुहं?" तर म्हणाली, "शिव्या देऊन पोट भरते का तिचं?" मी नेलं. गिरजासमोर बसून घास घेतला. तिनंही खाल्लं. तेव्हापासून ते तसंच चाललं. गल्लीत मयत झाली की इंदू करायची, मी न्यायची, आणि बायका मला म्हणायच्या, "तुमच्या हाताले चव आहे बाई." मी घरी येऊन चिडायची, इंदू पोट धरून हसायची. पुढे माग एकामागून एक बंद पडले, लोक पानठेल्यावर, रिक्षावर, मिळेल त्या कामावर गेले, पण हे चालू राहिलं.

तिचा नवरा शंकरभाऊ वारला तेव्हा खांद्याला माणसं आली, नाही म्हणत नाही. परतल्यावर त्या घरी एकच गंज आला, माझा. इंदूनं घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाली, "गुठळ्या होऊ देल्या नं वं." मग भिंतीकडे तोंड करून जी रडली... माझ्यानं ते लिहिवत नाही.

आता इंदूला घाटावर पोचवून माणसं परतल्यावर आम्ही तिच्याच खोलीत बसलो होतो. इंदूची धाकटी बहीण मंदा, रामटेकला दिलेली, ती आलेली. बायका कोण कोण होत्या, गिरजाबाईही होती, म्हातारी झालेली. बेसन मी करून नेलं होतं. माझ्यामागोमाग कौसल्यानं मंदाला सोबत म्हणून घास घेतला आणि थांबली. "आज वेगळंच लागून राहिलं तुमचं बेसन."

मला राहवलं नाही. "हेच तेवढं माझं आहे," म्हटलं. "आजवर तुम्ही खाल्लं ते हिचं होतं. तुह्या सासूच्या वेळचं, सगळ्यांच्या वेळचं. मी नुसता गंज उचलत होते."

सगळ्यांचे हात ताटातच राहिले. इतकी वर्षं हे बोलायचं होतं मला. वाटलं होतं, बोलले की बरं वाटेल. कुठलं बरं वाटतंय!

गिरजाबाई मात्र खात होती. खाली मान घालूनच म्हणाली, "मले माहीत होतं. नामदेव गेला तवाच. पहिल्या घासाले."

"मग बोलली काहून नाहीस?"

"बोलली असती तर तिले घरात घ्या लागलं असतं."

म्हणजे बाईचं अन्न चाललं, पाऊल चाललं नाही. मंदा म्हणते, म्हातारी आहे, सोडून दे, ताई असती तर तिनं सोडलं असतं. असेल. मी इंदू नाही.

गेल्या आठवड्यात गिरजाबाईचा थोरला लेक वारला. मी बेसन केलं, नेलं, तिच्यासमोर बसून घास घेतला आणि तिच्या लहान नातवाला आधी भरवलं. माफ मी तिला केलेलं नाही. तिच्या घरी चूल पेटलेली नव्हती, एवढंच.